मी न काढलेली १२८ चित्रे

चित्रकार आधी चित्र काढतो, ते वाळू देतो, चौकटीत बसवतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो, ही जगाची रीत. माझा उद्योग याच्या अगदी उलटा आहे. गिऱ्हाईक आधी पैसे मोजते, चित्र त्यानंतर तयार होते, आणि ते कसे उतरले आहे हे मला त्या गिऱ्हाइकाच्या बरोबरच कळते. कित्येकदा तर त्याच्याही नंतर. कारण ते पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला जागे असते आणि मी इकडे कोथरूडला झोपलेली असते.

हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, “म्हणजे लॉटरीच की हो!” शंका अगदीच गैर नव्हती. पण तिचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

मी पोटासाठी एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिते. रात्री घर निजले, की त्याच विद्येने चित्रे काढते. काढते म्हणजे काय करते? कागद, कुंचला, रंग यांपैकी काहीही माझ्या हातात नसते. मी नियम लिहिते. वरच्या कडेपासून इतक्या अंतरावर एक तिरपी रेघ ओढ. तिच्यावर ठिपके टाक. दोन ठिपक्यांतले अंतर कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त तितके असू दे. नेमके किती, ते मी सांगणार नाही, फासे टाकून तू ठरव. सगळी गंमत या शेवटच्या आज्ञेत आहे. फासे प्रत्येक वेळी निराळे पडतात आणि त्याच नियमांतून प्रत्येक वेळी निराळे चित्र निघते.

वाचकांनी कृपा करून याची गल्लत हल्लीच्या त्या यंत्रांशी करू नये, ज्यांना “पावसाचे चित्र दे” म्हटले की ती झटक्यात देतात. त्यांना आधी जगातली अगणित चित्रे दाखवून तयार केलेले असते. माझ्या संगणकाने एकही चित्र पाहिलेले नाही. त्याला पाऊस ठाऊक नाही, छप्पर ठाऊक नाही. ठाऊक आहे ती रेघ, ठिपका आणि रंगाचा आकडा. लहानपणी जत्रेत शोभादर्शकाची नळी मिळत असे, ती आठवा. नळी करणाऱ्याने आतले एकही चित्र काढलेले नसते. पण आरसे कोणत्या कोनात बसवायचे, बांगड्यांच्या काचा किती आणि कोणत्या रंगाच्या घालायच्या, हे सारे त्यानेच ठरवलेले असते. मी त्या नळीवाल्याच्या जातीची.

आणि ही जात काही काल-परवाची नव्हे. १९६५ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेऑर्ग नेस या गृहस्थांनी संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शनात मांडली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला मायकेल नोल आणि बेला युलेझ यांनीही मांडली. पण मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या वेरा मोल्नार. बाई १९२४ साली बुडापेस्टला जन्मल्या आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाल्या. १९५९ साली त्यांच्यापाशी संगणक कुठला असायला! म्हणून त्यांनी मनातल्या मनात एक यंत्र कल्पिले, त्याला नियम घालून दिले, आणि ते यंत्र होऊन स्वतःच कागदावर एकेक पायरी पाळत चित्रे काढली. खरा संगणक त्यांच्या हाती १९६८ साली आला. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट पुढे सांगायची आहे.

आपल्याकडे हे अंगणातच होते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरे काय? इतके ठिपके, इतक्या ओळी, रेघ ठिपक्याला वळसा घालून जाईल, आणि जिथून निघाली तिथे परत येईल. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट आणि रानी सिरोमनी या दांपत्याने तमिळ कोलमचे असे रीतसर व्याकरणच गणिताने मांडले, ते १९७० नंतरच्या दशकात.

वही कोणाच्या ताब्यात?

आता दुसरी बाजू, विक्रीची. संगणकावरचे चित्र विकायचे म्हणजे पूर्वी मोठी पंचाईत होती. एकाची हजार प्रती व्हायला क्षणही लागत नाही. मग मूळ कोणते आणि मालक कोण? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे ब्लॉकचेन. ही कल्पना मी आमच्या मामंजींना समजावून सांगितली. मामंजींनी बँकेत ३४ वर्षे खातेवह्या सांभाळल्या आहेत, त्यामुळे त्यांची उलटतपासणी वकिलासारखी नसून हिशेबतपासनिसासारखी असते, म्हणजे अधिक वाईट.

“ही एक वही आहे, मामंजी. कोणाचे काय कोणाकडे गेले, याची नोंद करायची.”

“ठीक. वही असते कुठे?”

“जगभरच्या हजारो संगणकांवर. प्रत्येकाकडे तीच संपूर्ण वही.”

“आणि साहेब कोण?”

“साहेब नाहीच.”

“मग जुळवणी कोण करतो?”

“सगळेच. नवे पान लिहायचे तर त्यावर आधीच्या पानाची खूण घालावी लागते. मागच्या एका पानावर कोणी खाडाखोड केली, तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि बाकीचे लोक ते पान नाकारतात.”

मामंजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वही चांगली आहे. पण खोटी नोंद एकदा खरी म्हणून लिहिली गेली, तर तीही पुसता येत नाही म्हण की!”

मी आजवर या विषयावर पुष्कळ वाचले आहे, पण दोष इतक्या थोडक्यात दाखवलेला पाहिला नाही. वही नोंद जपते. नोंद करणारा खरा आहे की भामटा, हे ती सांगत नाही. दुसऱ्याची चित्रे आपल्या नावावर चढवून विकणारे महाभाग निघालेच.

विजेचाही प्रश्न होता. एथेरियम नावाच्या मोठ्या वहीला पूर्वी एवढी वीज लागे, की शहाण्या माणसाने तोंड फिरवावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तिची पद्धत बदलली आणि तो खर्च ९९ टक्क्यांहूनही अधिक घटला. मी निवडली ती तेझॉस नावाची धाकटी वही. तिची पद्धत पहिल्यापासूनच काटकसरीची, आणि नोंदीची फीही किरकोळ.

चित्र आणि वही यांची गाठ मारली ती ह्यूस्टनच्या एका फरशांच्या व्यापाऱ्याने. एरिक काल्डेरॉन त्यांचे नाव. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘आर्ट ब्लॉक्स’ सुरू केले. युक्ती साधी होती. वहीत प्रत्येक व्यवहाराला अंक-अक्षरांची एक लांबलचक माळ मिळते. एथेरियमवर ती ६४ जागांची असते. ती कोणालाही आधी ओळखता येत नाही आणि नंतर बदलता येत नाही. काल्डेरॉन यांनी ठरवले, की हीच माळ म्हणजे फासे! तुम्ही पैसे भरलेत, व्यवहार नोंदला गेला, माळ पडली. ती चित्रकाराच्या नियमांत घातली की तुमचे चित्र उमटले. तीच माळ पुन्हा घाला, हुबेहूब तेच चित्र येईल.

इथे एक फार मोठी गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती पैशांच्या गदारोळात पुष्कळांच्या लक्षात आली नाही. तोपर्यंत नियमांनी चित्रे काढणारे सगळेच निवड करीत. शंभर काढायची, त्यांतली पाच भिंतीवर लावायची, पंचाण्णव केराच्या टोपलीत. चित्रकाराची नजर त्या निवडीत दिसे. नव्या व्यवस्थेत टोपलीच काढून घेतली. जे पडेल ते चित्र, आणि त्यावर तुमचे नाव.

यातून भलत्याच गोष्टी निघतात. द्मित्री चेर्नियाक यांची ‘रिंगर्स’ ही हजार चित्रांची मालिका जानेवारी २०२१ मध्ये आली. खुंट्यांभोवती दोरी गुंडाळायची, एवढाच तिचा विषय. त्यांतल्या ८७९ क्रमांकाच्या चित्रात दोरीने असा काही वळसा घेतला, की साक्षात हंस उभा राहिला! नियमांत हंस कुठेही नव्हता. ते चित्र ज्या गुंतवणूक कंपनीने घेतले, तिचे २०२२ मध्ये दिवाळे वाजले. जून २०२३ मध्ये सदबीच्या लिलावात ते सुमारे ६२ लाख डॉलरना गेले. टायलर हॉब्ज यांच्या ‘फिडेन्झा’ मालिकेत ९९९ चित्रे आहेत. त्याच हॉब्ज यांनी २०२१ मध्ये एक निबंध लिहून हे निवडीचे सुख हातचे गेल्याने काय काय बदलले, ते मांडले.

पोतेरे

माझ्या मालिकेचे नाव ‘पागोळ्या’. माझे माहेर चिपळूणजवळचे. कौलाच्या टोकावरून पडणाऱ्या धारा मी जितका वेळ पाहिल्या आहेत, तितका वेळ शाळेच्या फळ्याकडे पाहिले असते तर कुठल्या कुठे गेले असते. असो. नियम असे: वर वळचणीची रेघ; तिच्यातून धारा; प्रत्येक धारेला आपले वजन; खाली डबके आणि त्यात उमटणारी कडी; तांबडी माती, शेवाळ, ओले कौल आणि ढग अशा चार रंगपेट्या; आणि वारा. वारा म्हणजे शून्य ते एक यांमधला एक आकडा.

हे नियम लिहायला दोन महिने लागले आणि निस्तरायला सात. आज्ञावली वहीत चढवण्यापूर्वी मी एका वेळी हजार चित्रे काढून पाही. पडद्यावर टपाल तिकिटाएवढी, ओळीने. ‘या हजारांतले एखादे कोणाच्या वाट्याला आले, तर मला लाज वाटेल का?’ हा एकच प्रश्न घेऊन त्यांवरून डोळे फिरवायचे. वाटली, की नियमात दुरुस्ती. मग पुन्हा हजार.

वारा ०.८च्या खाली असेपर्यंत सारे सुरळीत चाले. धारा डुलत, कलत, एकमेकींना शिवून जात. देखणी चित्रे. तुमच्या दिवाणखान्यात खपतील अशी. वारा ०.८च्या वर गेला की मात्र नियम एकमेकांवर आदळत. धारा पिळल्या जात, डबक्याचे पाणी उलटे छपराकडे उडे, वळचणीची रेघच वाकून जाई. हजारांत अशी वादळे साधारण ६० पडत. त्यांतली ४९ अशी असत, की मी खुर्चीवरून उठून उभी राही. मी ते योजले नव्हते. मला योजता आलेच नसते. आणि उरलेली ११? नुसता राखाडी लगदा. ना धार, ना पाणी. सासूबाई एकदा मागून येऊन म्हणाल्या, “हे काय, पोतेरे वाळत घातले आहेस?” त्या दिवसापासून घरात त्या चित्रांचे नाव पोतेरी पडले.

घरात दोन पक्ष झाले. आमच्या यजमानांचे म्हणणे सरळ होते: वाऱ्याला ०.८ची मर्यादा घाल. वादळेही जातील आणि पोतेरीही. लोक पैसे देणार आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या गळ्यात लगदा मारायचा तुला काय अधिकार? मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने तोड काढली: आई, आज्ञावलीतच एक तपासनीस बसव. चित्र झाले की तो बघेल. पोतेरे असेल तर फासे पुन्हा टाकेल.

ही तोड मी महिनाभर करून पाहिली. ती का सोडावी लागली, ते सांगण्यासारखे आहे. एक तर तपासनिसाला इतका वेळ लागे, की साध्या मोबाइलवर चित्र उमटता उमटता चहा गार व्हावा. पण खरी अडचण निराळीच होती. साइन-कोसाइनचा आकडा सगळे संगणक अगदी शेवटच्या दशांशापर्यंत सारखा काढत नाहीत. नुसत्या चित्रात तो फरक डोळ्याला दिसत नाही. पण तपासनीस उंबरठ्यावर बसला की केसाएवढा फरकही पुरतो: एका संगणकावर तो ‘पास’ म्हणायचा आणि दुसऱ्यावर ‘नापास’. म्हणजे एकाच माळेची दोन चित्रे! मालकाने आपल्या घरी एक पाहायचे आणि शेजाऱ्याला भलतेच दाखवायचे. वहीतली नोंद जन्मभर अढळ आणि नोंदलेली वस्तूच डळमळीत, हे मामंजींच्या घरात चालणारे नव्हते.

उरले दोन मार्ग. वादळे सगळी छाटायची, नाही तर सगळी ठेवायची.

यजमानांच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ मोठे चित्रकार तोच मार्ग घेतात. कडा घासून घासून असे नियम करतात, की कोणाच्याही पदरी वाईट पडू नये. त्यात मोठी कारागिरी आहे. पण मर्यादा घालून मी पुन्हा हजार चित्रे काढली आणि एकेक पाहत गेले. कुठेही लाज वाटण्यासारखे काही नव्हते. हजारही चित्रे आपापल्या जागी नीट बसली होती, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखी. त्यांना चिपळूणचा पाऊस म्हणायला माझी जीभ रेटेना.

मी वारा होता तसाच ठेवला. विक्रीच्या माहितीत स्पष्ट लिहिले, की या मालिकेत वादळ आहे, ते क्वचित चित्र मोडून टाकते, आणि मोडलेल्या चित्राची किंमतही तीच राहील. १२८ चित्रांत हिशेबाने सात-आठ वादळे आणि एखाद-दुसरे पोतेरे निघायला हवे होते. यजमान म्हणाले, “दुकानाबाहेर ‘माल नासका निघेल’ अशी पाटी लावणारी तू पहिलीच.” पण पाटीचे शुद्धलेखन त्यांनीच तपासून दिले.

जुलै २०२३ मध्ये आज्ञावली वहीत चढली. एकदा चढली की तिचा काना-मात्राही बदलता येत नाही. बाजार तेव्हा पार बसला होता. २०२१ सालची धुंदी उतरून गेली होती, आणि माझ्यासारख्या अनोळखी बाईसाठी कोणी रांग लावणार नव्हते. एका चित्राची किंमत त्या वेळच्या भावाने साडेसहाशे रुपयांच्या आसपास येई. पहिल्या रात्री ४१ गेली. सगळी संपायला १९ दिवस लागले.

योगायोग असा, की त्याच महिन्यात वेरा मोल्नार यांचीही मालिका निघाली. मार्टिन ग्रासर नावाच्या तरुण कलावंताच्या साथीने, ५०० चित्रांची, सदबीतर्फे. तासाभरात ती सगळी गेली. बाई तेव्हा ९९ वर्षांच्या होत्या. ज्या बाईने संगणक मिळण्याआधी नऊ वर्षे स्वतःच संगणक होऊन चित्रे काढली, तिनेही म्हातारपणी टोपली बाजूला सारली, याचे मला फार अप्रूप वाटले. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. शंभरीला एक महिना उरला होता.

माझी वादळे सहा निघाली. पाच अशी, की त्यांतल्या ५८ क्रमांकाला घेणाऱ्यांनीच आपसांत ‘छत्री’ असे नाव ठेवले; कारण वाऱ्याने उलटी झालेली छत्री त्यात खरोखरच दिसते. आणि सहावे, ९४ क्रमांकाचे, शुद्ध पोतेरे. तेराव्या दिवशी दुपारी कोणीतरी पैसे भरले आणि ते पडले. मी ऑफिसात होते. पडद्यावर पाहिले आणि उरलेल्या बैठकीत कोण काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही.

पैशाचे म्हणाल तर मंचाचे कमिशन वजा जाऊन सत्तर-पंचाहत्तर हजार हाती आले. सात महिन्यांच्या रात्रींचा दर काढला तर घरकामाच्या बाईंपुढे उभे राहण्याची सोय नाही. पुढच्या प्रत्येक फेरविक्रीत चित्रकाराला काही टक्के मिळावेत, हे या व्यवस्थेचे मोठे आश्वासन होते. ते पाळणे न पाळणे बाजारपेठांच्या हाती होते, आणि ‘ओपनसी’ या मोठ्या बाजारपेठेने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची सक्ती उठवली. आपल्याकडे २०२२च्या अर्थसंकल्पाने असल्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला. एकातला तोटा दुसऱ्यातून वळता करण्याची सोयही ठेवली नाही. तेव्हा जिन्यातल्या त्या बाईंना माझे सांगणे असे, की श्रीमंत होण्यासाठी या वाटेला जाऊ नये. चित्र आवडले तर जरूर घ्यावे, आणि विकत घेताना गेलेले पैसे गेलेच असे समजावे.

९४ क्रमांकाचा धनी कोण, मला ठाऊक नाही. वहीत नावे नसतात, खात्यांच्या खुणा असतात. दुसऱ्याच दिवशी त्याने ते निम्म्या किमतीला विकायला लावले. मला त्याचा राग आला नाही. पाटी लावलेली होती, तरी साडेसहाशे रुपये त्याचेच गेले होते. कोणी घेतले नाही. वही सगळ्यांना उघडी असल्यामुळे मामंजी रोज सकाळी चहाबरोबर ती आपल्या टॅबवर तपासत आणि मला ओट्यापाशी येऊन बातमी देत: “पोतेरे अजून तिथेच आहे.” दोन महिन्यांनी त्याने विक्रीची पाटी काढून घेतली. का, ते वही सांगत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये एका सकाळी मामंजी टॅब घेऊन आले. ९४ क्रमांक एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर गेला होता. किमतीच्या जागी काहीच नव्हते. ते दुसरे खाते अगदी नवे होते; त्यात त्या एका चित्राशिवाय आणखी काही नव्हते. मामंजींनी चष्मा पुसून नोंद पुन्हा वाचली.

“बक्षीसपत्र दिसते,” ते म्हणाले, आणि आपल्या स्वतःच्या कागदी वहीत त्यांनी तारीख लिहून ठेवली.